घरगुती कारागिरी : विंचवाचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा किंचित् उपहासानें वापरली जाते. ज्याचा मुक्काम आज येथें तर उद्यां तेथें, ज्याला ना घर ना दार, अशा माणसास उद्देशून ती उच्चारितात. परंतु ज्यानें ही म्हण प्रथम बसविली त्याचें निरीक्षण फार बारीक असलें पाहिजे. विंचवाची मादी पाठीवर वागविते तीं तिचीं पिलें होत. जन्मल्यापासून पहिली कात टाकीपर्यंत तीं आईच्या पाठीवर बसून असतात. विंचवाच्या बिऱ्हाडांत सामान मुळींच नसतें. असतात तीं घरचीं माणसें. एवढें आमच्या वेळींच ध्यानांत आलें असतें तर गेल्या वर्षीं आमच्या हातून जी चूक घडली ती टळली असती.

या सदरांत आजवर आम्ही घरांतील लाकूडकाम, पाण्याच्या टाक्या, दारेंखिडक्या यांविषयीं लिहीत आलों. या खेपेस विषय थोडा उंबरठ्याबाहेरचा आहे. मोटारीच्या मागें जोडून न्यावयाचा, आंत निजण्याबसण्याची सोय असलेला जो प्रवासी ट्रेलर, त्यांत घरच्या घरीं कोणत्या सुधारणा कराव्या, कोणत्या करूं नयेत, आणि मुख्य म्हणजे आरंभ कोठून करावा, हें आज सांगावयाचें आहे.

दमणीपासून ट्रेलरपर्यंत

घाटावरच्या जुन्या मंडळींस दमणी आठवत असेल. आमच्या चिखलीस लोहमार्ग आजवर लाभला नाहीं. आगगाडी गांठावयाची तर घाट उतरून खामगांव, शेगांव किंवा मलकापूर येथें जावें लागे. त्यामुळें लेकीबाळींचें माहेरपण, लग्नकार्य, देवदर्शन हें सारें दमणीवर नाहीं तर छकड्यावर चाले. दमणी ही दोन चाकांची हलकी गाडी. वर बांबूच्या कमानी, त्यांवर तट्ट्या. आंत कडब्याचा जाड थर, त्यावर सतरंजी, तीवर गादी. आंसाजवळ वंगणाचें नळकांडें लोंबत असे, बाजूस कंदील, आणि सावलीच्या अंगास पाण्याची छागल.

नीट पाहिलें तर आजच्या ट्रेलरमध्यें लोक हौसेनें ज्या सुधारणा करितात त्यांतील बहुतेकांचें मूळ येथेंच सांपडतें. कडबा गचके शोषून घेई. छागलीच्या ओल्या कापडांतून झिरपलेलें पाणी वाऱ्यानें उडून जातांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जाई, आणि वैशाखांतही घोंट गार लागे. वंगणाचें काम आज चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस करितें, आणि तें वेळेवर न भरल्यास चाक तेव्हांप्रमाणेंच आजही तक्रार करितें.

पश्चिमेकडे केवळ सहलीच्या सुखासाठीं चाकांवरचें घर बांधून घेणारांत डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारांतील माजी वैद्याचें नांव प्रथम घेतात. त्यांनीं १८८५ सालीं ब्रिस्टल येथील कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाची गाडी करवून घेतली. भरलेली असतां तिचें वजन सुमारें दोन टन भरे. ती ओढावयास दोन घोडे, आणि पुढें वाटेचा अंदाज घेण्यास तीनचाकी सायकलवर एक नोकर. आमच्या वाडवडिलांनीं असली चैन केली नाहीं, कारण ओझें ओढणारे बैल त्यांच्याच गोठ्यांतले असत; रात्रीं त्यांच्या मानेवरून हात फिरवितांना दिवसभराचा हिशेब हातास लागे. बंगळूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनीं पुढें बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न मोठ्या चिकाटीनें लावून धरला, तोही याच बैलाच्या मानेच्या कळवळ्यानें. मोटार मात्र कण्हत नाहीं. म्हणूनच तिच्या मागें काय जोडावें, याचा विवेक आपण हरवून बसतों.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून अशा चाकांवरच्या घरांविषयींचें कुतूहल आपल्याकडेही वाढलें आहे. आमच्या घरीं तें शिरलें तें मात्र धोरणामुळें नव्हे, तर मातोश्रींच्या गुडघ्यांमुळें.

आमची चूक

आमचें कुटुंब एकत्र; रोजचीं पानें चौदा. मातोश्रींचें वय ८२. माहूरच्या रेणुकेचें दर्शन पुन्हां एकदां घडावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा. रेणुकेचें देऊळ आमच्या चिखलींतही आहे, व तेथें त्यांचें जाणेंयेणें असतें. परंतु कुलस्वामिनी ती माहूरगडची. चिखलीहून मेहकर, वाशीम, पुसद असा दोनशें किलोमीटरांहून अधिक पल्ला. एस्. टी. च्या पायऱ्या त्यांस चढवत नाहींत, आणि मोटारींत पाय लोंबते ठेवून बसलें कीं घोटे सुजतात. तेव्हां घरांतील पुरुषमंडळीची बैठक बसून असें ठरलें कीं, रीतसर नोंदणी व विमा असलेला, एका आंसाचा एक जुना ट्रेलर घ्यावा. वाटेंत थांबून मातोश्रींस त्यांत तासभर आडवें होतां येईल.

ट्रेलर आला. रिकामें वजन ५२० किलो, भरलेल्या स्थितींतील कमाल मर्यादा ७५० किलो. म्हणजे सामानासाठीं २३० किलो. हा आंकडा कागदावर होता, आम्हीं तो वाचलाही होता. परंतु त्याचा अर्थ कोणाच्याच डोक्यांत शिरला नव्हता.

थोरल्या बंधूंनीं मागच्या भिंतीस लागून शंभर लिटरची पाण्याची टाकी बसविली. धाकट्यानें तिच्यावर अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचें कपाट केलें. पुतण्याच्या हट्टावरून एक लहान शीतकपाट आलें, तेंही मागेंच. आम्हीं स्वतः, लेखकाच्या व्यसनास अनुसरून, पुस्तकांचें फडताळ लाविलें. बायकांस कोणीं कांहीं विचारलें नाहीं. त्यांच्याकडे पडदे शिवण्याचें काम सोंपविण्यांत आलें.

पहिली चाचणी म्हणून चैत्रांत शेगांवास निघालों. अमडापूर मागें टाकून उताराच्या रस्त्यास लागलों, आणि ट्रेलर एकाएकीं शेपटासारखा डावीउजवीकडे झुलूं लागला. पुतण्या मोटार हांकीत होता. सुदैवानें त्यानें ब्रेक करकचून दाबला नाहीं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, सुकाणूं सरळ धरलें, आणि वेग मंदावतां मंदावतां झोंके थांबले. अशा वेळीं घाबरून एकदम ब्रेक दाबणें किंवा उलट सुकाणूं फिरवीत राहणें, हें ट्रेलर उलटविण्याचेंच साधन होय, हें प्रत्येक हांकणारानें घरून निघण्यापूर्वींच मनांत ठसवून ठेवावें.

आम्ही रस्त्याच्या कडेस उतरून चाकांकडे पाहात उभे होतों. शेजारच्या शेतांतून एक म्हातारा शेतकरी आला, ट्रेलरभोंवतीं एक फेरी मारली, आणि म्हणाला, “उलाळ झाली तुमची गाडी. मागचं वझं पुढं घ्या.”

ट्रेलरच्या शास्त्रावरील इंग्रजी पुस्तकांत जें चार पानें खर्चून सांगितलेलें असतें तें त्या गृहस्थानें दोन वाक्यांत सांगितलें. बैलगाडीचें ओझें आंसाच्या मागें गेलें कीं जूं वर उचलतें, बैलांच्या मानेस गळफास बसूं लागतो, आणि गाडी उलाळते. ट्रेलरचेंही तसेंच. मागें ओझें साचलें कीं पुढची जोडदांडी हलकी होते, आणि मागचा भार लंबकासारखा झोंके घेऊं लागतो. उतारावर वेग वाढला म्हणजे तें प्रकट होतें.

परंतु त्या दिवसाचा खरा धडा पुढेंच होता. शेगांवास पोंचल्यावर सावलींत उतरलेल्या मातोश्रींस घेरी आली. जवळच्या डॉक्टरांनीं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली, आणि विचारलें, “आजी, पाणी केव्हां प्यालांत?”

“काल संध्याकाळीं.”

आम्ही सारे स्तब्ध झालों. थोरले बंधु म्हणाले, “अगं आई, मागें शंभर लिटर पाणी होतें!”

“तें होतें रे,” मातोश्री म्हणाल्या, “पण पाणी प्यालें म्हणजे वाटेंत उतरावें लागतें. उतरायचें कुठें? आणि दर तासाला गाडी थांबव म्हणून कुणाला सांगायचें? प्यालेंच नाहीं म्हणजे प्रश्न मिटला.”

यावर वहिनी हळूच म्हणाल्या कीं, त्यांनींही सकाळपासून चहा घेतला नव्हता. धाकटी सून कांहीं बोलली नाहीं. तिनें नुसती मान खालीं घातली. शंभर लिटर पाणी घेऊन निघालेल्या आमच्या बिऱ्हाडांत तीन स्त्रिया तहानेल्या बसल्या होत्या. आणि असें त्या प्रत्येक प्रवासांत, वर्षानुवर्षें करीत आल्या होत्या. घरांतील एकाही पुरुषास याची वार्ता नव्हती.

घरीं परत आल्यावर मातोश्रींनीं सांगितलें कीं, त्यांच्या लहानपणीं दमणींत हा त्रास नव्हता. बैलांस विसांवा द्यावा लागे, म्हणून गाडी आपोआप थांबे. आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस पऱ्हाटी किंवा तूर डोक्याइतकी वाढलेली असे. मोटार आली, वेग आला, आणि थांबण्याची सबबच नाहींशी झाली. उन्हाच्या दिवसांत पाणी तोडल्यानें घेरी येते, मूत्रमार्गाचा दाह होतो, म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. हें सारें डॉक्टरांनीं आम्हांस नीट समजावून सांगितलें. आम्ही परत येऊन कपाट, शीतकपाट, मोठी टाकी आणि फडताळ हीं चारीही काढून टाकलीं, आणि या खेपेस पहिली बैठक स्वयंपाकघरांत घेतली.

पहिली सुधारणा

आमच्या वाचकांनीं या लेखांतून एकच गोष्ट घ्यावयाची झाली तर ती ही घ्यावी: ट्रेलरमधील पहिली सुधारणा शौचकूप ही होय. गादी, दिवा, चूल हें सर्व मागाहून.

आमच्या ट्रेलरमध्यें आंसाच्या किंचित् पुढें, एका कोपऱ्यांत, अडीच फूट रुंद व तीन फूट लांब अशी जागा त्यासाठीं आंखली. ही मापें आम्हीं काढलेलीं नाहींत. वहिनींनीं अंगणांत खडूनें चौकोन आंखून, नऊवारी नेसलेल्या बाईस त्यांत वळतां येतें कीं नाहीं, हें स्वतः उभ्या राहून पाहिलें, आणि आमचा दोन फुटांचा चौकोन दोन वेळां पुसून टाकला. आडोशासाठीं हलक्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर सहा मिलिमीटरचें प्लायवुड लाविलें. दारास आंतून कडी आहे. परंतु ती अशी कीं, प्रसंग पडल्यास बाहेरून नाण्यानें फिरवून उघडतां यावी. वृद्ध माणसासाठीं ही खबरदारी अवश्य घ्यावी.

आसनाची उंची अठरा इंच ठेविली, म्हणजे गुडघ्यांस उठण्याचा त्रास पडत नाहीं. दोहों बाजूंस आधाराच्या दांड्या आहेत. त्या पातळ प्लायवुडांत स्क्रूनें बसवूं नयेत. हाताचा भार पडतांच उपटून येतात. त्यांचे बोल्ट चौकटीच्या नळीपर्यंत गेले पाहिजेत. आंत एक लहान दिवा, पाण्याच्या तांब्यासाठीं फळी, आणि पदर अडकविण्यास एक गोल तोंडाची खुंटी, एवढें पुरे.

शौचकूप दोन प्रकारचें मिळतें. पहिलें तयार, उचलून नेण्याजोगें. वर धुण्याच्या पाण्याची टाकी व खालीं मैल्याची बंद टाकी. रिकामें असतां त्याचें वजन चारपांच किलोंहून फारसें अधिक नसतें. दुसरें घरगुती: झांकणाचें आसन, खालीं मजबूत बादली, आणि शेजारीं कोरड्या लाकडी भुशाचा डबा. प्रत्येक उपयोगानंतर दोन ओंजळी भुसा टाकला म्हणजे तो ओलावा शोषून घेतो व दुर्गंध आवरतो. भुसा सुतारवाड्यांत मिळतो. मात्र तो कोऱ्या लाकडाचा असावा, रंगविलेल्या किंवा औषध लावलेल्या लाकडाचा नसावा. कोणताही प्रकार निवडला तरी छतांतून एक झडपेची नळी बाहेर काढावी. आणि टाकी ओतावयाची ती खऱ्या शौचालयांतच. नाला, ओढा, किंवा दुसऱ्याचें शेत यांत ती रिकामी करणें हें शिकल्यासवरल्या घरास शोभत नाहीं.

एक अडचण निघाली, ती सांगितली पाहिजे. देव्हारा कोठें ठेवावा? मातोश्रींबरोबर देव जाणारच. आणि एवढ्याशा जागेंत शौचकूप व देव एकत्र कसे, असा प्रश्न थोरल्या बंधूंनीं मोठ्या गंभीरपणें उपस्थित केला. त्यावर मातोश्रींनींच निकाल दिला. त्या म्हणाल्या, “आपल्या वाड्यांत देवघराला न्हाणीघराची भिंत लागूनच आहे. देवानें आजवर तक्रार केली नाहीं.” देव्हारा समोरच्या कोपऱ्यांत गेला, आणि वाद मिटला.

शेवटीं पायरी. ट्रेलरचा उंबरठा जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असतो. दर पायरी सात इंचांहून उंच नसावी, खालीं टेकू पक्का असावा, आणि दाराशीं हात धरण्यास दांडी असावी. यावर खर्च थोडा. परंतु याच्यावांचून आंतील सर्व सोयी म्हाताऱ्या माणसास असून नसल्यासारख्या होत.

ओझ्याचा हिशेब

आतां त्या २३० किलोंकडे वळूं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. आमची शंभर लिटरची टाकी भरतांच निम्मी सवलत जवळजवळ संपली होती. अठरा मिलिमीटरच्या प्लायवुडचा आठ फूट बाय चार फूट तक्ता सुमारें ३५ किलो भरतो. सहा मिलिमीटरचा सुमारें १२. म्हणून ट्रेलरमध्यें जाड तक्त्यांचें कपाट कधींही करूं नये. आमच्या घरच्या बायकांनीं जुन्या जाड चादरींचे कप्पे शिवून भिंतीस टांगले. त्यांत कपडे, औषधें, पोथी सर्व राहतें. गचक्यानें उघडत नाहीं, आणि रिकामें असतां चार किलोही भरत नाहीं. मेज भिंतीस बिजागरीनें मिटणारें केलें.

नवा हिशेब असा झाला: पाणी ४० किलो, अंथरूणपांघरूण २५, शौचकूप आडोशासह २५, बॅटरी व सौर पट्टी २०, मेज व इतर लाकूडकाम २५, शेगडी व लहान सिलिंडर १७, कपडे, शिधा व देव मिळून ४५. एकूण १९७. उरलेले ३३ किलो आम्हीं जाणूनबुजून मोकळे ठेविले आहेत, कारण परततांना पाहुणे देतात त्या भेटी कोणत्याही यादींत नसतात.

ओझें किती हें जसें पाहावें, तसेंच तें कोठें आहे हेंही. जड तें खालीं आणि आंसाजवळ. हलकें तें वर. जोडदांडीवर एकंदर वजनाचा सुमारें दहावा हिस्सा पडावा. आमच्या ट्रेलरपुरतें बोलावयाचें तर ७० किलोंच्या आसपास. तें मोजण्याची सोपी युक्ति अशी. सपाट जागीं ट्रेलर उभा करून चाकांस पाचर लावावी. मग धान्याच्या दुकानांतील वजनकांट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून, मोटारीच्या आंकड्याइतक्याच उंचीवर जोडदांडीचें टोंक त्यावर टेकवावें. कांटा जो आंकडा दाखवील तोच दांडीवरचा भार. तो कमी आल्यास सामान पुढें सरकवावें. फार आल्यास मागें. मात्र मोटारीच्या आंकड्यास किती भार चालतो हें तिच्या पुस्तकांत पाहून, त्यापलीकडे जाऊं नये. संपूर्ण वजन पाहण्यास मालमोटारींचा वजनकांटा आहेच.

पाण्याची एक मोठी टाकी ठेवण्याऐवजीं आम्हीं वीस-वीस लिटरचे दोन डबे आंसापाशीं पट्ट्यांनीं आंवळून ठेविले. अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकींत पाणी वळणावर हिंदकळतें व ट्रेलरास धक्के देतें. लहान डब्यांत तें भय पुष्कळ कमी. पाणी वर काढण्यास पायानें दाबावयाचा लहान पंप लाविला. त्याला वीज लागत नाहीं, आणि हात मोकळे राहिल्यामुळें पाणी थोडेंच खर्च होतें.

ऊन, वीज आणि चूल

घाटाखालीं उन्हाळ्याचा ताप काय असतो हें आम्हीं सांगावयास नको. पत्र्याचा ट्रेलर त्यांत भट्टीसारखा तापतो. यावर तीन उपाय केले. छतास बाहेरून पांढरा रंग दिला. आंतून एक इंच जाडीचा फोमचा थर व त्यावर पातळ अस्तर लाविलें. आणि सौर पट्टी छतास चिकटवून न बसवितां दोन इंचांचें अंतर सोडून बसविली. तिच्या सावलीनें व खालून वाहणाऱ्या वाऱ्यानें छत निवतें, आणि पट्टी स्वतः थंड राहिल्यानें वीजही जास्त देते. हवा येण्याचें भोंक खालीं व जाण्याचें वर ठेवावें, दोहोंसही मच्छरांची जाळी लावावी. मुक्कामीं पश्चिमेच्या खिडकीस वाळ्याचा ताटा लावून पाणी शिंपडलें तर कोरड्या हवेंत तो उत्तम काम करितो. पावसाळ्यांत मात्र त्याचा उपयोग नाहीं.

विजेचा हिशेब आधीं वहींत मांडावा, मग दुकानांत जावें. बारा व्होल्टचा वीस वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे १६० वॅट-तास. पांच वॅटचे तीन दिवे चार तास, म्हणजे ६०. दूरध्वनी भरण्यास ४०. एकूण २६०. शंभर वॅटची सौर पट्टी आपल्याकडील स्वच्छ उन्हांत दिवसाकाठीं ४०० वॅट-तासांच्या आसपास देते. म्हणजे पुरून उरतें. शंभर अँपियर-तासांची लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी सुमारें १२ किलोंची, तर तेवढ्याच आंकड्याची शिशाची जवळजवळ ३० किलोंची असते, आणि तिची निम्मीच वीज वापरावी लागते. पहिली महाग आहे. परंतु ओझ्याच्या दृष्टीनें स्वस्त. बॅटरीच्या धन टोंकालगत फ्यूज अवश्य असावा. तो नसला आणि तार कोठें घांसून उघडी पडली, तर लाकूड व कापड यांनीं भरलेल्या त्या पेटीस आग लागावयास क्षणाचाही विलंब लागणार नाहीं.

चुलीविषयीं आमचें मत कडक आहे. स्वयंपाक बाहेर करावा. ट्रेलरच्या कडेस एक मिटणारी फळी व वर ताडपत्रीची सावली एवढ्यानें भागतें. गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणास तळाशीं भोंक असावें, व तें कधींही बुजवूं नये. चालत्या गाडींत सिलिंडरचा खटका बंदच असला पाहिजे. आणि थंडीच्या रात्रीं ऊब म्हणून कोळशाची शेगडी आंत घेऊन दारें लावून कोणीं निजूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस ना वास ना रंग. निजलेलें माणूस जागें होत नाहीं.

ज्यास हात लावूं नये

हौशी कारागिराची हौस जेथें संपली पाहिजे अशी एक रेषा आहे, आणि ती ट्रेलरच्या फरशीखालून जाते. सांगाडा, आंस, जोडदांडी, ब्रेक, मागचे दिवे यांत घरगुती फेरफार करूं नयेत. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम यासाठींच आहे: नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालच्या निकालांत हेंच स्पष्ट केलें. स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटार-कॅरॅव्हॅनसाठीं तर ए. आय. एस. १२४ हें निराळें मानक आहे. आंतील कोणत्याही मोठ्या बदलापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेणें हाच सरळ मार्ग.

निघण्यापूर्वीं टायरची हवा ते थंड असतांना पाहावी. झीज दिसत नसली तरी जुन्या टायरवर विसंबूं नये. चाकाचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर पुन्हां आंवळावे. जोडदांडीखालीं सुरक्षेच्या दोन सांखळ्या फुलीसारख्या बांधाव्या, म्हणजे आंकडा निसटल्यास दांडी रस्त्यांत रुतत नाहीं. आणि चालत्या ट्रेलरांत कोणासही बसूं देऊं नये, मुलें कितीही हट्ट करोत. आंतील सर्व सोयी थांबल्यावर वापरावयाच्या.

थांबण्याचें वेळापत्रकही आतां आमच्या घरीं लिहून ठेवलेलें आहे: दर दीड तासानें, कोणीं मागितलें नाहीं तरी. ज्यास हवें त्यानें उतरावें, ज्यास नको त्यानें पाय मोकळे करावे. मागावें लागूं नये, यांतच या सुधारणेचें निम्में यश आहे. दमणीच्या काळीं बैलांच्या निमित्तानें जें घडे, तें आतां घड्याळाच्या निमित्तानें घडतें.

मार्गशीर्षांत आम्ही माहूरला जाऊन आलों. ट्रेलर गडाच्या पायथ्याशीं ठेविला. मातोश्रींस वर नेण्याची व्यवस्था निराळी केली. दर्शन घडलें. परंतु आमच्या लक्षांत राहिलें आहे तें मेहकरच्या पुढचें पहिलें थांबणें. ट्रेलर एका चिंचेखालीं उभा केला होता. मातोश्री पायऱ्या उतरून खालीं आल्या, सतरंजीवर बसल्या, आणि वहिनींस म्हणाल्या, “चहा कर गं. माझा पेलाभर कर.” वहिनींनीं दोन पेले अधिक ओतले.

पुस्तकांचें तें फडताळ सध्यां ओसरीवर आहे. ज्या वाचकांनीं असा ट्रेलर घेतला असेल, किंवा घेण्याचा विचार असेल, त्यांनीं करवत हातांत घेण्यापूर्वीं एकदां स्वयंपाकघरांत जाऊन विचारावें, आणि मिळालेलें उत्तर आम्हांस अवश्य कळवावें. पुढील अंकीं वाळ्याचे ताटे घरीं कसे विणावे याची माहिती देऊं.